पैठणीवरचा डाग

प्रिय ताई,

आज आईने डाग पडलेली पैठणी नेसून हळदीकुंकू केलं. आपल्या आईने! पदरावर चहाचा थेंब सांडला तरी घर डोक्यावर घ्यायची, त्या बाईने! बायका आत्ताच गेल्या. वाट्या-चमचे आवरून झाले, आई आत जरा पडली आहे, आणि मला हे कोणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाहीये. तुझ्याखेरीज कोणाला सांगू? तूच नाहीस, म्हणून पत्र.

मुक्ताला तू पाहिलं नाहीस. माझी मुलगी. तुझ्यासारखीच केमिस्ट्री घेऊन बसली, आणि यंदा पीएचडीला लागली. मी काही सुचवलं नव्हतं हं! मी तर तिला हिस्ट्री घे, हिस्ट्री घे म्हणून कानीकपाळी ओरडत होते. पण मावशीचं रक्त म्हणतात ना, ते असं येतं.

संक्रांत जवळ आली तसं एके संध्याकाळी आईने तिला हाक मारली. "मुक्ते, उद्या येताना तुमच्या लॅबमधून एक बाटली आण गं. माझ्या पैठणीवर तेलाचा डाग पडलाय. आमची सुमा अस्सा काढायची, पत्ता लागायचा नाही!"

"कसली बाटली, आजी?"

"ती गं, गोडसर वासाची. बेंझीन."

मुक्ता बूट काढत होती, ती तशीच थांबली. "बेंझीन? घरात? कोण आणायचं?"

कोण म्हणजे काय! तूच आणायचीस, ताई. लोदी कॉलनीतल्या त्या क्वार्टरमध्ये जानेवारी आला की आपल्या दारात साड्यांची रीघ लागायची. दिल्लीतल्या मराठी बायकांकडे तेव्हा लग्नातली एकच भारी साडी असायची, आणि ती वर्षातून एकदा, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बाहेर निघायची. तिच्यावर तिळाचं तेल, अत्तर, कधी मेणबत्ती. धोब्याला द्यायचा धीर कोणाला नव्हता. मग आई मोठ्या तोऱ्यात घरोघर फिरून साड्या गोळा करायची. "आमच्या सुमाकडे द्या, सरकारी लॅबमध्ये आहे ती!" किती मिरवायची तुला!

आणि तू? तू एकदाही नाही म्हणाली नाहीस. का गं? दिवसभर लॅबमध्ये रस्त्याच्या डांबराचे नमुने तपासून दमून यायचीस, तरी रविवारी त्या मागच्या, खिडक्या बसवून घेतलेल्या व्हरांड्यात जुनं धोतर अंथरून बसायचीस. डागाखाली धोतराची घडी, हातात कापसाचा बोळा. बाहेरून आत पुसायचं, नाहीतर कडा उमटतात, हे मला अजून पाठ आहे.

तू निष्काळजी होतीस असं कोणी म्हटलं तर मी भांडेन. बाटली उघडण्याआधी तू कोळशाची अंगीठी अंगणात नेऊन विझवायचीस. बाबांची सिगरेट काढून घ्यायचीस. देवघरातली समईसुद्धा! "आई, दिवा शांत कर, याची वाफ लांबून पेट घेते." आई कुरकुरायची, देवाला अंधारात ठेवते कार्टी. पण ऐकायची. मी दारात घुटमळले तर मला हाकलायचीस. "बेबी, जा बाहेर, भडका उडाला तर?" मला तो वास फार आवडायचा. तुझ्या केसांना यायचा. मला वाटायचं, माझ्या ताईचा वासच तो.

पण अंगीठी विझली की थंडी किती वाजायची, आठवतं? दिल्लीतला जानेवारी तो! मग तू सगळ्या खिडक्या लावून घ्यायचीस. फटींत वर्तमानपत्राच्या घड्या कोंबायचीस. आगीची एवढी भीती बाळगलीस, आणि त्या भीतीपायीच खोली बंद करून तासन् तास त्या वाफेत बसलीस. अगं, एक खिडकी! एक खिडकी उघडी ठेवली असतीस तर आम्ही थंडीने मेलो असतो का?

चुकलं, तुझ्यावर चिडायचं नव्हतं. तुला कोणी सांगितलंच नव्हतं. लॅबमध्ये डांबराने काळे झालेले हात तुम्ही सगळे त्याच बेंझीनने धुवायचात, साबणासारखे. तू हसून सांगायचीस, "एका मिनिटात लख्ख!" आम्हीही हसायचो.

मग तुझ्या दंडावर काळे-निळे डाग उठायला लागले. कुठे आपटलीस विचारलं तर "बसमध्ये" म्हणायचीस. दात घासताना रक्त यायचं. जिना चढून आलीस की पायरीवरच बसायचीस. हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, हाडांतल्या मज्जेने रक्त बनवणंच थांबवलंय. बाबांना त्यांनी विचारलं होतं, "बेटी क्या काम करती है?" मी तिथेच होते. बाबा ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "सेंट्रल गव्हर्नमेंट में है जी, परमनंट." त्यापुढे काय सांगायचं राहिलं, हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही. सरकारी नोकरीने माणसाला काही होतं, असं आपल्यात कोणाला वाटलं असतं?

आई बीट उकडून आणायची, डाळिंबं सोलून आणायची. एकदा खिडकीतून माकडाने डब्यासकट पळवलं, आणि तू किती हसलीस! म्हणालीस, "आई, त्याचं तरी रक्त वाढू दे." तुझं ते शेवटचं हसणं. ते आठवलं की मला अजून माकडांचा राग येतो.

आणि आईने दोष कशाला दिला, ठाऊक आहे? स्वतःला. तुझं लग्न जमावं म्हणून तिने तुझ्याकडून सोळा सोमवार करवून घेतले होते ना! "उपासांनी पोरीचं रक्त आटलं, मी आटवलं," हे तिचं पालुपद. तू गेल्यापासून आपल्या घरात उपास बंद. एकादशी नाही, चतुर्थी नाही. मी साधं "भूक नाही" म्हटलं तरी पान वाढून समोर बसायची. इतकी वर्षं ती हे ओझं वाहत होती, ताई, आणि आम्ही कितीही समजावलं तरी खाली ठेवत नव्हती.

तर त्या संध्याकाळी मुक्ता आजीजवळ जमिनीवर बसली. "आजी, बिलकुल नाही. आम्ही लॅबमध्येसुद्धा ते वापरत नाही आता. त्याच्याऐवजी दुसरं वापरतो, आणि तेही हूडमध्ये."

"हूड म्हणजे?"

"काचेचं कपाट असतं. आतली हवा पंख्याने वर खेचून बाहेर सोडतात. काच खाली ओढायची, आत फक्त हात घालायचे. हातमोजे घालून. तेही कुठलेही चालत नाहीत, काहींतून ते आरपार जातं. आणि वास आला ना आजी, म्हणजे ते आधीच आपल्या आत गेलेलं असतं."

"सुमा काळजी घ्यायची हो," आई म्हणाली. "समईसुद्धा शांत करायला लावायची."

"ते आगीसाठी. पण श्वासातून जातं त्याचं काय? बंद खोलीत?"

"काय होतं श्वासातून गेलं की?"

मुक्ताने माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनी नको म्हटलं. आईने ते पाहिलं. म्हातारीची नजर अधू झालीये, पण नको ते सगळं दिसतं! "तिला बोलू दे, बेबी," म्हणाली.

"रक्त बनणं बंद होऊ शकतं, आजी."

स्वयंपाकघरात कुकरची शिटी झाली. कोणी उठलं नाही. आईने विचारलं, "उपासाने नाही?"

"उपासाने असं नाही होत."

मला वाटलं, सुटली बाई एकदाची! वाटलं, आता तरी रडेल, मोकळी होईल. आईने नुसतं मांडीवरच्या पैठणीकडे पाहिलं आणि म्हणाली, "साड्या मीच आणायची गोळा करून."

मुक्ताचा चेहरा इवलासा झाला. "आजी, असं नको म्हणूस. मावशी रोज लॅबमध्ये हात त्यातच धुवायची. कशाने झालं ते आता कोणीच सांगू शकत नाही. यार मम्मी, तू सांग ना हिला!"

"तिथलं मला काय ठाऊक," आई म्हणाली. "घरात तर मी होते."

तू असतीस तर काही तरी टोला हाणून तिला हसवलं असतंस. मला ते कधी जमलं नाही. मी उठून गॅस बंद केला.

त्यानंतर आईने उपासांचं नाव काढलेलं नाही. एक ओझं उतरलं आणि त्याच खांद्यावर दुसरं बसलं. मुक्ता मनातून खंतावली आहे, खरं बोलायला नको होतं म्हणते. मी तिला म्हटलं, बोललीस ते बरं केलंस. पण ताई, बरं केलं का? मला खरंच कळत नाही.

आता रोज संध्याकाळी बेल वाजली की आई काठी टेकत दारात जाते. मुक्ताला आत पाऊल टाकू देत नाही. आधी तिची ओढणी हुंगते, मग डोकं खाली घ्यायला लावून केस हुंगते. "काच खाली ओढली होतीस? मोजे घातलेस? पंखा चालू होता?" मुक्ता शहाण्यासारखी मान वाकवून उभी राहते आणि सगळ्याला हो म्हणते. परवा आईला थोडा कसला तरी वास आला, तर तिने तिथल्या तिथे बसकण मारली. साधा शाम्पू निघाला गं!

आणि आज ही पैठणी. पदराच्या खाली, अगदी समोर, तळहाताएवढा डाग. मी म्हटलं, दुसरी नेस. ऐकते कसली! सगळ्यांना हळदीकुंकू लावत फिरली. खरेकाकूंच्या सुनेला राहवलं नाही. "आजी, एवढ्या सुंदर साडीवर डाग! मार्केटमध्ये ड्रायक्लीनर आहे, त्याला द्या ना. एकदम साफ करतो."

आई तिच्या हातावर तिळगूळ ठेवत होती. म्हणाली, "करत असेल. पण तिथे डाग काढायला जो बसतो ना, त्यालाही आई असेल. राहू दे."

बिचारीला काही कळलं नाही, ती हसली. मी स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला धरून रडले.

ताई, या पैठणीला मी कोणाचा हात लागू देणार नाही. मुक्ताच्या लग्नात तिला नेसायची असेल तर डागासकट नेसेल. आणि आई आहे तोवर दारात आई उभी राहील, नंतर मी राहीन. पोरगी कितीही चिडली, "मम्मी, पुरे आता" म्हणाली, तरी तिचे केस हुंगल्याशिवाय आत घेणार नाही. तुझे मी रोज हुंगायचे, आणि मला ते आवडायचे.

तुझी,
बेबी