चिनसागाचा वाफा

न्यारिबारी, ता. ३ एप्रिल १९९४

चि. गेसारे हिस अनेक आशीर्वाद.

मोंबासाची हवा तुला मानवली, वाचून बरं वाटलं. इथे आईने या दुखण्यात नाचणीच्या ओबोकिमाचा गोळासुद्धा सोडलाय. दुधात शिजवलेला चिनसागा तेवढा दोन घास जातो, आणि नेमकी त्याच भाजीला यंदा कीड लागलीय. पिसवांसारखे उडणारे काळे भुंगेरे पानांची चाळण करतात, शेंड्यांवर मावा. राख टाकली, साबणाचं पाणी मारलं. आई अंगणातून ओरडते, की राख दवावर टाकायची असते, तुला जन्मभर शिकवून काय उपयोग. बाजारातली भाजी ती तोंडात घेते आणि थुंकते. काय करू, लिही.

तुझी ताई, बोसिबोरी

मोंबासा, ता. १० एप्रिल

ती. ताईस सा. नमस्कार.

आईचं ऐकत बसलीस तर वाफा हातचा जाईल. दुकानातून औषध आणून फवार. आमच्या हॉटेलचा माळी तेच करतो. मात्र किती दिवस पान तोडायचं नाही ते विचार आणि काटेकोर पाळ. म्हातारीला वाफ्याकडे फिरकू देऊ नकोस, चोरून तोडेल. जूनमध्ये रजा घेऊन येते. आईला माझा नमस्कार, आणि माझ्यावर रुसू नकोस म्हणावं.

तुझी गेसारे

न्यारिबारी, ता. २ मे

चि. गेसारे हिस,

तार मिळालीच असेल. तुझी वाट पाहिली, मग थांबता येईना.

दुकानदाराने फवारणीनंतर चौदा दिवस सांगितले होते. आई रोज मागायची, मी रोज नाही म्हणायची. नवव्या दिवशी माझा हात धरून म्हणाली, "बाई, मला आता विषाची कसली भीती घालतेस? एक मूठ तोड." मी नाही तोडली. अकराव्या दिवशी सकाळी ती गेली.

मातीला आलेल्या बायका म्हणाल्या, असा चिनसागा गावात कुणाकडे नाही. पानाला एक भोक नाही. मी उठून आत गेले.

रागावली असशील तर तसंच लिही. उगाच गोड बोलू नकोस.

बोसिबोरी

मोंबासा, ता. ९ मे

ती. ताईस सा. नमस्कार.

तार हातात पडली तेव्हा आईला पुरून दोन दिवस झाले होते.

राग आहे, पण तुझ्यावर नाही. काटेकोर पाळ, असं मीच लिहिलं. आणि खरं सांगते, तू तोडून दिलं असतंस आणि तिला काही झालं असतं, तर मी तुला आयुष्यभर बोल लावला असता. तेही तुला ठाऊक होतं.

शुक्रवारच्या बसने निघते. उतरवून घ्यायला येऊ नकोस, घरीच थांब. दारात कुणीतरी असायला हवं.

आपला लोभ आता दोघींनीच सांभाळायचा.

तुझी गेसारे