खडूचे बूट, चांदीचा गुडघा

९ जानेवारी, सकाळी
कॉन्व्हेंट शाळेत पांढरं पॉलिश संपलं की मी आणि अरुंधती कॅनव्हासच्या बुटांवर खडू घासायचो. एक खडू, चार बूट. वरून शुभ्र, खाली चिखल तसाच. सिस्टरना कधी कळलं नाही.
आज आठवलं, कारण माझ्या नव्या डाव्या गुडघ्यावरही थर आहे. डॉक्टर म्हणाले, हाडाने धातूला धरावं म्हणून हाडातल्याच कॅल्शियमचा, आणि त्यावर जंतू बसू नयेत म्हणून चांदीचा. पुढे गोळ्यांबद्दल काही बोलले. मी चांदीपाशीच थांबले होते.
संकल्प: १९ एप्रिलला रियुनियन. अरुंधतीबरोबर मैदानाला एक फेरी. जुन्या जालन्यातून पांढरे बूट मागवलेत.

१४ जानेवारी
गोळ्यांनी ॲसिडिटी. कामाच्या साळूबाईची दाढ सुजलेली. बघवेना. उरलेला कोर्स तिला देऊन टाकला. "बाई, अन् तुमाला?" म्हणाली. मला चांदी आहे, म्हटलं. आमच्या ह्यांनी पेपरमागून विचारलं, मोडीत घालायची वेळ आली तर सराफाकडे न्यायची की भंगारवाल्याकडे? मार्तंडरावांचा स्वभावच तो. दुर्लक्ष.

२२ जानेवारी
टाक्यांतून थोडं पाणी. म्हणजे कोटिंग घाण बाहेर टाकतंय. डॉक्टरांना फोन कशाला?
साळूबाई ऊस खातेय. त्याच दाढेने.

२ फेब्रुवारी
ताप. हवाच तशी आहे. साळूबाई म्हणाली, "बाई, गुडघा तव्यावानी तापून राह्यला, न्हाई म्हणू नका." समजावलं तिला, हाड धातूला धरतंय, ऊब यायचीच.

११ फेब्रुवारी, दवाखाना
गुडघा काढला. आत पू. डॉक्टर ओरडले, थर धातूसाठी होता, गोळ्या तुमच्यासाठी होत्या! उद्धट मनुष्य. शाळेतल्या आमच्या सिस्टर छडी मारायच्या, पण आवाज चढवत नसत.
अर्धी फेरी मारू.

६ मार्च
विष वर चढतंय म्हणे. पाय की जीव, उद्या सकाळी सही. ह्यांनी आज दिवसभरात एकही टोमणा मारला नाही. तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली.

१९ एप्रिल
अरुंधतीचा मैदानावरून फोटो आला. तुझ्याही वाटची फेरी मारली, लिहिलंय. प्रेमळ आहे. गुडघे तिचे स्वतःचे आहेत.
पाचवीच्या वर्गाचा फोटो तिला द्यावा. दोघींचेही बूट त्यात पांढरे दिसतात.
नवे बूट साळूबाईला. "जोडी देता का एकच?" असं तिने काल विचारलं. बिचारीने खरंच विचारलं. दोन्ही द्यावेत.
टेबलावरच्या गोळ्या कुणालाही देऊ नयेत. त्या माझ्या.