बाकीची सहा कशी चालतात?

३ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. रात्री जागत जाऊ नकोस, हे तुम्ही आता अकराव्यांदा लिहिलंत. बाबा, आमची दुर्बीण रेडिओची आहे. तिला दिवस काय नि रात्र काय, सारखंच. मी सकाळी नऊला येते, संध्याकाळी सहाला जाते आणि मधला सगळा वेळ एका बिनखिडकीच्या खोलीत आकड्यांचे रकाने बघते. आकाश बघायचं तर मला रविवारी गच्चीवर जावं लागतं. हे कृपा करून आत्यालाही सांगा, तीही तेच लिहिते.

आता बातमी. ज्या तारकागुच्छाच्या मागे आम्ही तीन वर्षं लागलोय, लाखो म्हातारे तारे एकाच जागी दाटीवाटीने बसलेला, त्यात सात पल्सार सापडल्याचं मी कळवलं होतं. पल्सार म्हणजे मेलेल्या ताऱ्याचा उरलेला गाभा. तो गरगर फिरतो आणि दर गिरकीला रेडिओचा एक ठोका देतो. तुमच्या भाषेत, एक घड्याळ. त्यातलं चौथं, गुच्छाच्या अगदी मधोमध असलेलं, मागे पडत चाललंय. दोन वर्षांत इतकं पडलंय की कुणीतरी जोराने ओढत असल्याशिवाय ते शक्यच नाही. आणि तिथे ओढणारं काही दिसत तर नाही. म्हणजे कृष्णविवर, बाबा!

वीस मार्चच्या सभेत मी हे जाहीर करणार आहे. माझी नेमणूक मे महिन्यात संपते. साहेबांनी स्पष्ट सांगितलंय की हे जमलं तर पुढची तीन वर्षं पक्की, नाहीतर खुर्ची रिकामी करायची. तेव्हा या खेपेला तरी शंका काढू नका. नुसतं शाब्बास म्हणा.

आणि डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख घेतलीत का? डॉक्टरीणबाईंनी सांगून वर्ष झालं.

लोभ आहेच. तारीख कळवलीत तर वाढेल.

तुमची,
ठमी


१२ फेब्रुवारी

चि. ठमीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

शाब्बास. म्हटलं बघ. आता शंका.

दुरुस्त केलेलं घड्याळ मी लगेच कुणाच्या हातात देत नाही, हे तुला ठाऊक आहे. सात दिवस फळीवरच्या खुंटीला टांगतो. एका वेळी आठ-दहा तरी असतात. रोज सकाळी दहा वाजता भिंतीवरच्या मोठ्या घड्याळाशी ताडून वहीत लिहितो, कोण किती पुढे, कोण किती मागे. एकट्या घड्याळाचा निवाडा मी आजवर केलेला नाही. शेजारची कशी चालतात ते आधी बघायचं. लहानपणी ती वही घेऊन तूच स्टुलावर उभी राहायचीस. आता तू चौथ्याबद्दल एवढं भरभरून लिहिलंस आणि इतरांबद्दल अक्षर नाही. बाकीची सहा कशी चालतात?

माझे डोळे ठणठणीत आहेत. त्रास आहे तो तुझ्या आत्याचा. दुकान झाडताना मोठ्या घड्याळाच्या लंबकाला धक्का देते आणि दर सोमवारी रेडिओच्या वेळेशी लावायला जावं तर ते साडेतीन मिनिटं मागे. सांगून सांगून माझ्या जिभेची सालटी निघाली. पण ती कबूल होईल तर शपथ.

जेवणाची हेळसांड करू नये. आमच्यावर माया ठेव आणि शंकेचा राग धरू नकोस.

तुझे बाबा


२० फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

मला वाटलंच होतं. एक पत्र, एक पत्र शंकेविना लिहिलं असतंत तर काय बिघडलं असतं?

बाकीची सहा फार क्षीण आहेत. एकेकाचे ठोके जुळवायचे म्हणजे नाकी नऊ येतात. चौथं ठणठणीत ऐकू येतं म्हणून त्याचं काम केलं, आणि तेवढं पुरे आहे असं साहेब म्हणतात. इथे फळी नाही, खुंट्या नाहीत. आमचं घड्याळ अणूंच्या कंपनांवर चालतं. ते चुकत नसतं, आणि ते झाडायलाही कुणी जात नाही. आता सभेला चार आठवडे राहिले आहेत, भाषण लिहायचंय, चित्रं काढायची आहेत, आणि तुमची ती एक ओळ डोक्यात सारखी भुणभुणतेय. दातात काहीतरी अडकल्यासारखं झालंय मला.

आत्याला ओरडू नका. ऑपरेशनची तारीख तुम्ही पुन्हा गिळलीत, हे माझ्या लक्षात आलंय.

रागावले असले तरी तुमचीच,
ठमी

ता. क. दुसऱ्या नंबरचं काढून बघतेय. फक्त एकच. तुमच्या समाधानासाठी.


२४ फेब्रुवारी

चि. ठमीस,
आत्याचा आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या बापाला न सांगता लिहितेय. भाजी आणायच्या निमित्ताने पोस्टात आलेय आणि इथलं पेन चालत नाही, तेव्हा अक्षर गोड मानून घे.

मी त्या लंबकाला हात लावत नाही, बाई. मागच्या आठवड्यात तर मी दुकानाची पायरीसुद्धा चढले नाही. मुद्दामच. तरी सोमवारी घड्याळ साडेतीन मिनिटं मागे ते मागेच, आणि दादाने मला फैलावर घेतलं ते घेतलंच. मी तिथे नव्हते म्हणून सांगितलं तर म्हणतो, आधीच्या धक्क्याचा परिणाम असेल. आता काय डोकं आपटून घेऊ?

शिवाय गिऱ्हाइकं. बसचा कंडक्टर, दवाखान्यातली नर्स, शाळेच्या मोठ्या बाई, शिंपी आणि तो वरच्या मजल्यावरचा वकील, पाचही जण या महिन्यात दुरुस्त घड्याळं परत घेऊन आले. तक्रार एकच, आठवड्यात तीन-चार मिनिटं मागे पडतं. दादा त्यांच्यावरच डाफरतो, की किल्ली धड देत नाही म्हणून. कंडक्टर तर यापुढे दुसरीकडे जाणार म्हणाला. पन्नास वर्षांत असं कुणी म्हटलं नव्हतं. काल दादाने चहा कपाबाहेर ओतला आणि कप वाकडा ठेवला म्हणून माझ्यावर खेकसला.

तू शिकलेली आहेस. तूच काहीतरी सांग त्याला, माझं तो ऐकत नाही. आत्याला विसरू नकोस आणि हे पत्र फाडून टाक.

तुझी आत्या


८ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

दुसरं काढलं. मग पहिलं. मग रडतखडत उरलेली चारही. बाबा, सातही घड्याळं मागे पडतायत, आणि अगदी एकाच प्रमाणात. गुच्छाच्या मधलंही तितकंच, कडेचंही तितकंच. सातही जणांना कुणी सारखं ओढू शकत नाही. म्हणजे दोष आमच्याच घड्याळात.

दोन वर्षांपूर्वी आमचं मुख्य घड्याळ बदललं होतं. घड्याळ नवं आलं, पण त्याची चूक सुधारायला आमची आकडेमोड जुन्याच घड्याळाचा तक्ता वापरत राहिली. कुणी बघितलंच नाही, कारण ते चुकत नसतं ना! मी जिन्यात बसून रडले. मग साहेबांना सांगितलं. बाकीची सहा तपासायला तुला सांगितलं कुणी, असं त्यांनी विचारलं. माझ्या वडिलांनी, ते घड्याळं दुरुस्त करतात, असं मी सांगितलं. वीस मार्चच्या यादीतून माझं नाव काढलंय. मे महिन्यात बहुधा बॅग भरून घरी येईन.

मला तुमचा राग आलाय, खरं सांगते. तुम्ही विचारलं नसतंत तर मी भर सभेत कृष्णविवर सापडलं म्हणून सांगून बसले असते आणि सहा महिन्यांनी दुसऱ्या कुणीतरी माझी चूक काढली असती. हे कळतं. तरी राग आहे.

आता माझी पाळी. आत्याचं पत्र आलंय, आणि तिला ओरडलात तर याद राखा. पाच माणसं, पाच घड्याळं, पाचही मागे, आणि तेही सारखंच. तुमचं मोठं घड्याळ दर सोमवारी साडेतीन मिनिटं मागे. म्हणजे रोज अर्धं मिनिट. फळीवरचं प्रत्येक घड्याळ तुम्ही त्याच्याशीच ताडता. पुढचं मी लिहीत नाही, तुम्हीच मला शिकवलंय.

सोबत सातही पल्सारांचा सुधारलेला तक्ता पाठवतेय, प्रत्येकाच्या चालीची एक रेघ. छापला आणि पाकिटात घातला, नीट बघायचीही इच्छा नाही. तो भिंगाशिवाय वाचता आला तर ऑपरेशनचा विषय मी परत काढणार नाही.

माया आहे. राग ओसरला की जास्त होईल.

तुमची,
ठमी


२ एप्रिल

चि. ठमीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तक्ता वाचता आला नाही. भिंग लावूनही नाही. म्हणून मुकाट्याने तारीख घेतली आणि चोवीस मार्चला उजवा डोळा करून आलो. डॉक्टरीणबाईंनी वाकायला मना केलंय आणि तुझी आत्या मला बुटाची नाडीसुद्धा बांधू देत नाही. तिची माफी मागितली. एकदा मागून भागलं नाही, दुकानात उभं राहून कंडक्टरसमोर मागायला लावली.

लंबकाखालची चाकी फिरवून घड्याळाची चाल कमीजास्त करतात, तिच्यावर बारीक रेघा आहेत. गेल्या उन्हाळ्यात मी एक रेघ फिरवली अशा समजुतीने बऱ्याच फिरवल्या. मला त्या दिसतच नव्हत्या. आणखी एक आहे, ते फक्त तुलाच सांगतो. घड्याळांची चाल मी कानानेच मोठ्या घड्याळाशी जुळवत होतो, पण वहीतले गेल्या आठ महिन्यांचे आकडे मी पाहून लिहिलेले नाहीत. दिसत नव्हतं, तेव्हा जे असायला हवं ते लिहीत गेलो. दुकान बंद करावं लागेल याची भीती वाटत होती. तुला शिकवलं एक आणि स्वतः केलं भलतंच, याची लाज वाटते. आता तेवीस जणांना कार्डं पाठवून घड्याळं परत मागवली आहेत.

काल सकाळी खिडकीपाशी बसून तुझा तक्ता नुसत्या डोळ्याने बघितला. तू तो बघितलेला नाहीस. सहा रेघा सरळ आहेत. चौथी नाही. पार टोकाला, केसभर, पण खाली जाते. बाकीची सहा नीट चालत असताना चौथं अजूनही मागे पडतंय, ठमे. हे खरं असेल किंवा नसेलही. ज्याचा दोष कळत नाही ते घड्याळ मी उघडत नाही, आणखी काही दिवस खुंटीला ठेवतो. साहेबांना विचार, ठेवतील का.

लोभ असू दे. माफी असली तर तीही पाठव.

तुझे बाबा


१६ एप्रिल

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

कार्डावर मावेल तेवढंच लिहितेय. साहेबांनी तक्ता खिडकीशी नेला, चष्मा काढून बघितला, घालून बघितला. हे कुणी पाहिलं म्हणून विचारलं. मी सांगितलं. मग एक वर्ष मिळेल म्हणाले. तीन नाही, एक. सातही घड्याळं वर्षभर टांगून ठेवायची, चौथ्याबद्दल कुठेही चकार शब्द काढायचा नाही.

मी नवी वही आणलीय. रोज सकाळी दहा वाजता लिहिते, पाहून.

माफी आहे. डाव्या डोळ्याची तारीख कळवा.

तुमची,
ठमी