ऑपरेशनच्या आधीची उपकारस्तुती

ख्रिस्तात प्रिय धाकटी बहीण दीना हिला साताऱ्याहून थोरलीचा सलाम. प्रभूच्या कृपेने आम्ही सगळे बरे आहोत. तुमच्या सांगलीची खुशाली कळव. दाजींचा गुडघा आता वाकतो का, की अजून प्रार्थनेला उभेच राहतात? पत्र नेहमीप्रमाणे मी बोलते आहे आणि आमच्या चर्चच्या पाळकीणबाई लिहीत आहेत. (म्हणून यात त्यांच्या यजमानांविषयी, म्हणजे पाळकसाहेबांविषयी, जे येईल ते चांगलंच येईल. आत्ताच त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. म्हणजे बघितलं असावं. मला नुसता चष्मा दिसला.)

तर दीने, पत्राला कारण माझा डोळाच. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय, असं डॉक्टर पावसाळ्यापासून सांगताहेत. आधी शेळी व्यायची होती म्हणून मी गेले नाही, मग नाताळ आला, मग शेळी पुन्हा व्यायला झाली. माझा लालासाहेब महाबळेश्वरला टॅक्सी चालवतो. तो तिथल्या बूथवरून शेजारच्या समीनाच्या घरी फोन करून माझ्यावर ओरडायचा. खरं सांगते, मला भीती वाटत होती. डोळ्यात कुणी हत्यार घालणार म्हटल्यावर घास गोड लागत नव्हता.

अशात एका रविवारी पाळकसाहेबांनी उपदेश केला (चांगला होता, लांब होता, पण चांगला) की देवाकडे मागायचं तर मागतानाच आभार मानावेत, म्हणजे काळजीला घरात थारा राहत नाही. मला ते पटलं. उपासना सुटल्यावर मी चर्चच्या दारातच सांगून टाकलं, "येत्या शनवारी माझ्या डोळ्याची उपकारस्तुती हाय. समद्यांनी जेवायलाच यायचं."

आता तुला माहीतच आहे, आपल्यात उपकारस्तुती कधी करतात. बाळ झाल्यावर, प्लास्टर काढल्यावर, नोकरी लागल्यावर. झाल्यावर! त्यामुळे सगळ्या मंडळीनं धरलं की म्हातारी गुपचूप ऑपरेशन करून आली. शनिवारी अंगण भरलं. गाणी झाली, आणि पेटी वाजवणारा नाथाजी साक्ष द्यायला उभा राहिला, की परवा मावशीनं मला रस्त्यापलीकडून ओळखलं, केवढी ही कृपा! (खोकल्यावरून ओळखलं गं. त्याचा खोकला लोणंदपर्यंत ऐकू जातो.) मग कोंडीबाच्या बायकोनं माझ्यासमोर बोटं नाचवून विचारलं, "आत्ती, किती?" मी अंदाजानं म्हटलं, "दोन." आणि सगळं अंगण आमेन म्हणालं.

आता मात्र खोटं सहन होईना. (रस्साही वाढून झाला होता, कुणी उठून जाण्याची भीती नव्हती.) मी म्हटलं, "आवं, ऑपरेशन व्हायचं हाय अजून." सगळ्यांचे हात ताटात थबकले. पाळकसाहेबांना ठसका लागला. पाणी पिऊन म्हणाले, "म्हणजे आजी, तुम्ही आगाऊच आभार मानले?" मी म्हटलं, "तुमीच सांगितलंसा न्हवं?" त्यावर ते जितका वेळ गप्प बसले, तितका वेळ पाळकीणबाईंच्या संसारात कधी बसले नव्हते. (हे वाक्य लिहिणार नाही म्हणाल्या. मग हसल्या आणि लिहिलं.)

शेवटची प्रार्थना मीच केली. सुरुवात केली ती वेळ मारून न्यायला. पण या डोळ्यांनी जे जे बघितलं त्याचे आभार मानायला लागले, तर थांबवेना. आमच्या ह्यांच्या मिशा, नातवंडांचे पहिले दात, मेढ्याकडची हिरवी भातखाचरं, तुझ्या लग्नात रडून रडून सुजलेलं तुझं नाक. आमेन म्हटलं तेव्हा ध्यानात आलं, इतक्या वेळात भीतीची एकदाही आठवण झाली नव्हती. त्या दिवशी मी पोटभर जेवले, दीने.

आता माघार नाही. रस्सा खाल्लेली माणसं दारावरून जाताना रोज विचारतात, "मावशी, कवा?" तर मंगळवारी आहे. पट्टी सुटेल तेव्हा आपण जातीनं समोर उभं राहणार, असं पाळकसाहेबांनी मंडळीत जाहीर केलंय. मुलांना आशीर्वाद, दाजींना सलाम.

तुझी, पोटभर जेवणारी
थोरली

ता. क. तू येऊ नकोस. तुमच्याकडे द्राक्षांची धांदल आहे, दाजींचा गुडघा आहे. मला आता कसलीही काळजी उरलेली नाही.

आणखी एक ता. क. पाळकीणबाई घरी गेल्या. हे समीना लिहितीया, मी बोलते तस्सं. दीने, सोमवारच्या एसटीनं ये. भीती मी देवाला देऊन टाकली, त्यानं घेतली बी, पर चिमूटभर मागं ऱ्हायलीया. तेवढी दोघी मिळून संपवू. आन् पट्टी सुटंल तवा म्होरं तू बस. पाळकसाहेब लय देवमाणूस हाय, पर डोळं उघडल्याबरुबर त्यांचंच त्वांड बघून देवाचं आभार मानायचं, येवढा माझा विश्वास अजून वाढला न्हाई.