हमखास एकवीस प्रश्न

३ मार्च, सकाळी ६.५०
आजपासून अभ्यास. पेपर २१ एप्रिलला, अंबाजोगाई केंद्रावर. डेटा स्ट्रक्चर्स अँड अल्गोरिदम्स. डिप्लोमाचे बाकीचे सात पेपर सुटले, हा दोनदा राहिला. पहिल्या वेळी ताप होता. दुसऱ्या वेळी पंखा बरोबर डोक्यावर होता.
मुख्याध्यापकांनी काल स्पष्ट सांगितले. गणिताची तुकडी बंद झाली तेव्हा संस्थेने मला संगणकावर घेतले. आता जूनमध्ये शाळा उघडण्याआधी डिप्लोमा दाखवायचा, नाहीतर सत्तावीस वर्षांची नोकरी संपली. निवृत्तीला चार वर्षे आहेत. मी म्हटले, काळजी नसावी. मी ब्याण्णव सालची बी.एस्सी., गणितात पहिला वर्ग. हे तर नुसते यंत्राचे गणित.
पहाटे चारला उठायचे होते. उद्यापासून.

५ मार्च
पुस्तक सहाशे बारा पानी. एवढे कोणी वाचत नाही. मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका घेऊन बसले, लाल पेनने खुणा केल्या. हमखास एकवीस प्रश्न निघाले. उद्यापासून रोज एक पाठ केला तर २६ मार्चला अभ्यास संपतो. त्यानंतर काय करायचे ते ठरवले पाहिजे.

१० मार्च
पहिला प्रश्न झाला. पाहुणे होते.

११ मार्च
यांनी सुचवले, स्टँडजवळच्या ऑनलाइन सेंटरवाल्या अंजूकडून समजून घे. यांना आपल्या किराणा दुकानाबाहेरचे फारसे कळत नाही, पण हे बरे सुचले. अंजू माझीच विद्यार्थिनी, आश्रुबा मेंढपाळांची मुलगी. नववीत मी तिला वर्गाबाहेर उभे केले होते आणि तुला मेंढ्याच मोजता येतील, असे म्हटले होते. त्या बोलण्याची जिद्द धरूनच ती एम.एस्सी. कॉम्प्युटर झाली. आता परतफेडीची संधी तिला द्यायला हरकत नाही.

१२ मार्च
अंजू लगेच तयार झाली. शाळा सुटल्यावर एक तास. फी नको म्हणाली. नको म्हणणारच.

१७ मार्च
मर्ज सॉर्ट. मी कोड पूर्ण पाठ म्हणून दाखवला, सेमिकोलनसकट. अंजूने विचारले, ह्या ओळीत काय होतंय? मी म्हटले, सहावी ओळ आहे.
मग ती मेंढ्यांवर आली. दोन वाड्यांत दोन रांगा, दोन्हीत लहान मेंढी पुढे. मधल्या फाटकातून एकेक सोडायची. दोन्ही रांगांतल्या पहिल्या मेंढ्या बघायच्या, त्यातली लहान आधी सोडायची. पलीकडे आपोआप एक सरळ रांग लागते. तिचे वडील विक्रीच्या आधी असेच करतात म्हणे. मी तिला शांतपणे सांगितले की मेंढ्या विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात नाहीत.
तिच्या पाटीवर 'ऑनलाईन' चुकीचे लिहिले आहे. तेही सांगितले.

२३ मार्च, रविवार
स्टॅक. शेवटी ठेवलेले आधी काढायचे. प्रात्यक्षिकाशिवाय विषय पक्का होत नाही, म्हणून दुकानाच्या मागच्या खोलीतली सगळी पोती या नियमाने लावून घेतली. हमाल कुरकुरला. यांना बजावले की महिनाभर नियम मोडायचा नाही.

३० मार्च, पाडवा
आजपासून नवे वेळापत्रक. जुन्यात प्रश्न कमी आणि दिवस जास्त होते, त्यामुळे ढिलाई झाली. आता प्रश्न जास्त आणि दिवस कमी. ताण असला की माणूस काम करतो. सहा प्रश्न पाठ. वेळापत्रकाला स्केचपेनने चौकट काढली, त्यात दुपार गेली.

४ एप्रिल
तळातल्या तूरडाळीला किडे पडले. वरची पोती येत-जात राहिली, खालच्याला कोणी हात लावला नाही. हे फार चिडले. "नवा माल मागं, जुना म्होरं. आमच्या बापाला शाळा न्हाई, पण एवढं कळत व्हतं." मी म्हटले, ते क्यू झाले, तो नववा प्रश्न आहे, मी अजून सातव्यावर आहे. यांना अल्गोरिदम समजावणे अवघड.

८ एप्रिल
अंजूचे वागणे बदलले आहे. क्विक सॉर्टच्या, म्हणजे आकडे क्रमाने लावण्याच्या, गणितात माझे आकडे ४५, १२, ७८, ३, ६०. पाच वर्षांतून तीनदा हेच आले. तिने मुद्दाम दुसरे घातले. माझे पाठांतर अर्ध्यातच तुटले. तिने पेन खाली ठेवले.
"मॅडम, पाठ कावून करायलात? हातानं करून बघा की एकदा. चुकलं तर चुकलं."
मी सांगितले, सत्तावीस वर्षांत मी फळ्यावर एकदाही चुकले नाही. ती म्हणाली, तेच तर. याचा अर्थ मी विचारला नाही.

१२ एप्रिल
संस्थेच्या सचिवांची गाडी अंजूच्या सेंटरसमोर बराच वेळ उभी होती. कसला तरी फॉर्म भरायचा असेल. मोठ्या माणसांनाही ऑनलाइन जमत नाही.
शिकवणीत अंजूने आज माझी एकही चूक काढली नाही.

१८ एप्रिल
एकवीसपैकी अकरा प्रश्न पाठ, चार अर्धे. म्हणजे तेरा. पेपरात सहा सोडवायचे असतात. हिशेब माझ्या बाजूने आहे.
जेवताना यांनी विचारले, नाहीच झालं तर? मी त्यांना भाकरी वाढली. मग त्यांनी पुन्हा विचारले नाही.

२१ एप्रिल, सायंकाळी
पेपर उत्तम गेला. अक्षर सुंदर. सगळ्या समासरेषा पट्टीने आखल्या. दोन पुरवण्या घेतल्या. माझ्या शेजारची मुलगी तासाभरात उठून गेली, हल्लीच्या मुलांना दम नाही.
क्विक सॉर्ट आला. आकडे मात्र चुकीचे छापले होते. मी माझे घातले. परीक्षकांच्या लक्षात येईलच.
स्टँडवर अंजू भेटली. मी आकड्यांचे सांगितले. ती माझ्याकडे पाहतच राहिली. उन्हाने तिचाही चेहरा उतरला होता. "बसा मॅडम, चहा घेऊ," एवढेच म्हणाली.

२ मे
निकालानंतर मुलांसाठी या विषयाचे मार्गदर्शक पुस्तक लिहावे असे मनात आहे. दीडशे पाने पुरे.

६ जून
ऐंशीपैकी तेवीस. बत्तीस लागतात.
अंजूच्या सेंटरवर पाहिले. तिने तीनदा नंबर टाकला, तीनदा तेवीस. मी म्हटले, सर्व्हरचा घोटाळा असेल. मग उठून तिने शटर अर्धे ओढले. म्हणाली, संस्थेने एप्रिलमध्येच तिला माझ्या जागेसाठी विचारले होते.
"मी त्येन्ला म्हणलं, मॅडमचा रिझल्ट लागू द्या. तवर मी हो म्हणणार न्हाई."
मी विचारले, आणि आता? तिने मान खाली घातली. नववीत घालायची तशी.
पुनर्मूल्यांकनाचा अर्ज भरायला सांगितला. तिने भरला. निकालाला पंचेचाळीस दिवस लागतात. शाळा सोळाला उघडते.

१० जून, दुपारी
संगणक कक्षाचा ताबा दिला. यादीप्रमाणे सतरा मॉनिटर, त्यातले अकरा चालू. अंजूने प्रत्येक ठिकाणी सही केली. शेवटी जुडगा राहिला, चौदा किल्ल्या. ग्रिलची कुठली, असे तिने विचारले. मी पहिली लावून पाहिली, मग दुसरी, मग तिसरी. नवव्या किल्लीला कुलूप उघडले. कपाटाच्या कुलपाला पुन्हा पहिलीपासून सुरुवात केली.
"रोज असंच करता का मॅडम?"
मी म्हटले, दोन वर्षे. लागेपर्यंत एकेक लावत जायची, त्यात विशेष काय?
ती हसली नाही. हळूच म्हणाली, "ह्यालाच लिनिअर सर्च म्हणतेत."
पेपरात दुसऱ्या क्रमांकाचा प्रश्न हाच होता. लिनिअर सर्च रोजच्या जीवनातील उदाहरणासह स्पष्ट करा, दहा गुण. माझ्या एकवीसमध्ये तो नव्हता.