बळीरामचं वजन

३ फेब्रुवारी
चलो, मदन महल भागातल्या भाड्याच्या खोलीत सामान लागलं. आजपासून मी नव्या तुरुंगातल्या फाशीघराचा मिस्त्री. कारखान्यात क्रेनचे दोर सांभाळले. वजन-मापाचा हिशेब पुस्तकं आणून स्वतःच शिकलो. कैद्याच्या पायाखाली उघडणाऱ्या सापळ्याला असं तेल दिलं की फळी कुरकुरतही नाही. येताना कमानिया गेटवरून खव्याची जिलबी आणली, गरमच खाल्ली.

६ फेब्रुवारी
फाशीचा कैदी एकच. बळीराम, बालाघाटकडचा, दोन खून केलेला. इथं माझ्याशी मराठी बोलणारा तोच. मूत्रपिंडं आणि डोळे दान करतो अशी सही दिलीय, म्हणून दूध-अंडी चालू आहेत. जड माणसाला दोर आखूड, हलक्याला लांब. म्हणून रोज सकाळी त्याला काट्यावर चढवतो. आज म्हणाला, काहून इंजिनियरसाहेब, किती भरलो? बकरा तयार झाला का? मला हसू आलं. चौसष्ट किलो दोनशे. मग हळूच म्हणाला, भाऊ, द्यायचं ते देतो, पण आधी मले मरू दे, मग कापा. मी शब्द दिला.

९ फेब्रुवारी
अवयव काढणाऱ्या डॉ. शैलजांनी बोलावलं. म्हणाल्या, भैया, अर्धा तास लटकला की सगळं वाया जातं. मूत्रपिंडासाठी दोन मुलं वाट पाहून राहिलीत. दोर आखूड ठेवा, हृदय चालू राहू द्या. मी म्हटलं, मान मोडेल आणि हृदयही चालेल असं माप मी काढून देतो. त्याच्या वजनाचं वाळूचं पोतं टांगून पाहिलं. झटका बरोबर बसला.

१२ फेब्रुवारी
मान मोडली नाही.
लगेच टेबलावर घेतला. सुरी लागली तसा पाय झाडू लागला. मॅडम म्हणाल्या, धरा. मी घोटे धरले, पूर्ण जोरानं. रक्त माझ्या कोपरापर्यंत. डोळे काढेपर्यंत तो माझ्याकडेच बघत होता.
पोत्याला मान नसते. हे मला सुचायला हवं होतं.

१५ फेब्रुवारी
मुलं बरी आहेत. मॅडमनी पेढे दिले. म्हणाल्या, हेच माप ठेवा, पुढचा येतोय.
पोतं उतरवून तोललं. तीनशे ग्रॅम कमी, दोन मूत्रपिंडांएवढं. वाळू कुठंच सांडलेली नाही —

१६ फेब्रुवारी
भर दुपारी पोतं पाय झाडल्यासारखं हलून राहिलं. टाके उसवले — आत हात घातला — गरम, ओलं — आतून बळीराम विचारतो, आज किती भरलो —

१७ फेब्रुवारी
खोलीवरच. कडी लावली आहे. कुशीत गार पातं — मी मेलो नाही अजून — सांगून राहिलो, आधी मरू दे — घोटे कोणीतरी धरले, पूर्ण जो