बाटलीवरची चिनी नावे

अबुधाबी
४ फेब्रुवारी २०२५

चि. शैलेंद्रास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

फोनवर हे बोलता येत नाही, घरात रुपेश आणि सूनबाई पर्णिका असतात. म्हणून सुट्टीवर निघालेल्या शेजाऱ्यांबरोबर पत्र धाडते आहे. वर्षात चौथ्यांदा लघवीला जळजळ सुरू झाली. दर वेळी डॉक्टरांपुढे तेच सांगायचे, तेच अँटिबायोटिक घ्यायचे, नको वाटते. सकाळी माझ्याबरोबर फिरायला येणाऱ्या लायबाने चिनी जडीबुटीच्या गोळ्या दिल्या. तिला गुण आला म्हणे. आठवडाभर गुपचूप घेते आहे, थोडे बरे वाटते. तू फार्मसी कॉलेजात इतकी वर्षे शिकवलेस, म्हणून विचारते, चालू ठेवू का? बाटलीवरची नावे मागच्या पानावर उतरवली आहेत. रागावू नकोस.

तुझ्या पत्राची वाट बघणारी,
गिरिजाताई

मिरज
१५ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचताच फोन करून गोळ्या बंद कर एवढेच सांगितले. कारण आता लिहितो. यादीतले ‘मु तोंग’ हे नाव एकाहून अधिक वनस्पतींना लावतात. त्यांतल्या एकीत अ‍ॅरिस्टोलोचिक आम्ल असते आणि त्याने अनेकांची मूत्रपिंडे कायमची निकामी झाली आहेत. तुझ्या बाटलीत कोणती आहे, हे नुसत्या नावावरून कळत नाही. चिनी औषधे सगळी खोटी, असे मी म्हणणार नाही. तुला होतो तशा त्रासावर काही अभ्यासांत फायदा दिसला आहे. पण ते अभ्यास लहान आणि कच्चे आहेत. तेवढ्यावर ताईची मूत्रपिंडे पणाला लावायला मी तयार नाही. मूत्रपिंडे ठीक आहेत ना ते कळायला रक्तातले क्रिएटिनिन तपासून घे, बाटली डॉक्टरांना दाखव आणि लायबाबाईंनाही सांग. लहानपणी तू दाढदुखी लपवलीस ती गाल सुजेपर्यंत, असे आई सांगायची. आता तरी तसे करू नकोस.

धाकट्यावर माया आहेच, ती राहू दे.
शैलेंद्र

अबुधाबी
२ मार्च २०२५

चि. शैलेंद्रास,
अनेक आशीर्वाद.

तपासणीला जायचे म्हणून पर्णिकाला सगळे सांगावेच लागले. गाडीत ती म्हणाली की तिलाही सहा महिने हाच त्रास आहे, सासूसमोर कसे बोलायचे म्हणून गप्प राहिली. ऑफिसात सारखे उठावे लागू नये म्हणून पाणीही कमी पीत होती. आणि माझ्या कपाटातल्या त्या बाटलीचे लेबल वाचून चार गोळ्या तिनेही घेतल्या होत्या. दवाखान्यात पोचल्याबरोबर दोघींनी रक्त दिले. दोन दिवस आम्हां दोघींना जेवण गेले नाही.

रिपोर्ट दोघींचे चांगले आले. डॉक्टर कुलसुम रागावल्या नाहीत. पुढे असे काही घेण्याआधी मला दाखवा, एवढेच म्हणाल्या. आधी लघवीचे कल्चर करून जंतू कोणता ते बघायचे, मग औषध. मला या वयासाठी एक मलम दिले आहे, कसले ते तू समजून घे. लायबाने खलास म्हणून आपली बाटली फेकली. तिची तपासणीही ठीक आली.

आता रोज अकराला पर्णिका ऑफिसातून फोन करते आणि किती ग्लास पाणी झाले ते विचारते. मीही तिला विचारते. तुम्ही दोघी रोज एवढे काय बोलता, असे रुपेश म्हणतो. आम्ही त्याला सांगत नाही.

मिरजेला सगळ्यांना आठवण सांग.
तुझी ताई